सासऱ्यांना हॉस्पिटलात सी-डिफ झालंय, सॅनिटायझर चालत नाही म्हणतात, खरं आहे का?

मांजलपूरची_सून

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. सासरे 74 वर्षांचे, गेल्या महिन्यात बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं. इथेच बडोद्यात एका खाजगी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, नाव घेत नाही कारण अजून तिथेच आहोत. ऑपरेशन छान झालं, चौथ्या दिवशी वॉकर धरून उभे पण राहिले, पण मग छातीत कफ झाला, ताप आला, न्यूमोनिया म्हणाले आणि भारीतले अँटिबायोटिक सुरू झाले, नऊ दिवस. ताप गेला, आम्ही घरी जायची बॅग भरायला घेतली आणि जुलाब सुरू. दिवसाला दहा-बारा वेळा, नुसतं पाणी, आणि वास असा की लिफ्टमधून बाहेर पडल्या पडल्या कळायचं आज कसं आहे ते.

पहिले दोन दिवस सगळ्यांचं एकच, खाण्यात काहीतरी आलं असेल. आता खाणं कोण नेत होतं तर मी. मुगाची खिचडी आणि ताक. नणंदबाई एक शब्द बोलल्या नाहीत पण डब्याकडे ज्या नजरेने बघितलं ना, बस. तिसऱ्या दिवशी स्टूल टेस्ट केली, सी-डिफ (क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल, जुलाब करणारा आतड्यातला एक जंतू) निघालं. डॉक्टर म्हणाले अँटिबायोटिकमुळे होतं हे. रिपोर्ट मी नणंदबाईंच्या हातातच दिला वाचायला.

तर आता प्रश्न. संसर्ग पसरू नये म्हणून खोलीच्या दारावर खबरदारीचा पिवळा कागद लावलाय. सिस्टर म्हणाली सॅनिटायझर वापरू नका, साबण आणि पाणीच. ठीक. पाच मिनिटांनी वॉर्डबॉय आला, पॉट उचलला, बाहेरच्या बाटलीतून दोन थेंब सॅनिटायझर घेतलं आणि गेला शेजारच्या खोलीत. मी विचारलं तर म्हणतो, वांधो नहीं बेन, हे शंभर टक्के किटाणू मारतं, बाटलीवर लिहिलंय. (बाटलीवर 99.9 लिहिलंय.) मग खरं कोणाचं?

आणि खोली दोन बेडची. पलीकडचे काका हर्नियावाले, त्यांना तिसऱ्या दिवशी हलवलं, तोपर्यंत संडास एकच होता दोघांना. त्यांच्या मिसेस मला रोज पोळीभाजी विचारायच्या, मला आता त्यांच्याकडे बघायची लाज वाटते.

दुसरं म्हणजे काल सिस्टरने इंजेक्शनची बाटली फोडली, पाणी घालून हलवली आणि बाबांना चक्क *प्यायला* दिली! मी ओरडलेच. ती म्हणाली असंच देतात. असं असतं का?

तिसरं, चार-पाच दिवसांत घरी सोडतील. घरात माझा दहा महिन्यांचा मुलगा, सासूबाईंना डायबेटीस, संडास एकच. 2024 च्या पुरात आणलेली ब्लीचिंग पावडर गॅलरीत पडून आहे, ती चालेल का?

---

दांडियाबाजारकर

एवढं घाबरू नका हो. आमच्या वडिलांना पण अँटिबायोटिकने जुलाब झाले होते, दोन दिवस ताक, इसबगोल आणि ती जुलाब बंद करायची छोटी गोळी दिली, खल्लास. हॉस्पिटलवाले साध्या जुलाबाला मोठी नावं देऊन बिल वाढवतात. घरी आल्यावर डेटॉलच्या पाण्याने पुसून घ्या सगळं.

---

जुनी_सिस्टर

दांडियाबाजारकर भाऊ, राग मानू नका पण ती बंद करायची गोळी सी-डिफमध्ये डॉक्टरांना न विचारता अजिबात देऊ नका. विष आत तयार होतंय, आतडं ते बाहेर टाकतंय, आणि तुम्ही दार बंद करताय. आतडं फुगून पेशंट आयसीयूत गेलेला मी स्वतः बघितलाय. साध्या जुलाबाचं वेगळं, हे वेगळं. ताक द्या, ताकाला कोणी नाही म्हणत नाही, पण ताकाने हे बरं होत नाही. आणि डेटॉलने याचं काही होत नाही, फक्त घराला हॉस्पिटलचा वास येतो.

आता सूनबाई तुमच्याकडे येते. मी 31 वर्षं वॉर्डात काढली, त्यातली शेवटची नऊ इन्फेक्शन कंट्रोलची वही घेऊन लोकांच्या हाताकडे बघत फिरण्यात. तुमच्या सिस्टरचं बरोबर, वॉर्डबॉयचं चूक. पण त्या पोराला फार बोलू नका, कोविडपासून त्याला सगळ्यांनी हेच शिकवलंय की बाटली दाबली की झालं. बाकी नव्वद कामांना ते बरोबरच आहे. टायफॉईड, कॉलरा, शिगेला, साधा ई-कोलाय, हे सगळे स्पिरिटने मरतात. हा मात्र मरत नाही. का ते इथे कोणी लॅबवाले असतील तर सांगतील, मी आपली हाताची बाजू सांगते.

साबण याला *मारत* नाही हे पण ध्यानात ठेवा. साबण सोडवतो, पाणी वाहून नेतं. म्हणून वाहतं पाणी पाहिजे, मगमध्ये हात बुचकळून उपयोग नाही. एकूण 40 ते 60 सेकंद. अंगठे, बोटांची टोकं, नखांखाली, लोक तळहातच चोळत बसतात. आणि अंगठ्या आणि बांगड्या. सासूबाईंच्या हातात पाटल्या असतील तर त्यांना प्रेमाने सांगा की बाबांचं करताना काढून ठेवा, नाही निघत असतील तर कोपरापर्यंत सरकवा आणि खालचं धुवा. मला यावरून किती जणींनी ऐकवलंय, सौभाग्याची गोष्ट आहे म्हणून.

पॉट, चादर, डायपर, अंग पुसणं, काहीही असो, *आधी* ग्लोव्ह्ज. खोलीत शिरतानाच घालायचे, आत जाऊन काही हातात घेतल्यावर नाही. काढताना उलटे करून काढा, मग ॲप्रन, मग हात धुवा. ग्लोव्ह्ज होते म्हणून हात धुतले नाहीत असं करू नका, काढताना मनगटाला लागतंच लागतं. आणि ग्लोव्ह्ज घालून मोबाईल उचलू नका!! हे मी डॉक्टरांना पण ओरडलेय. फोन पारदर्शक पिशवीत ठेवा, जाताना पिशवी टाकून द्या.

आता जे कोणीच सांगत नाही ते. बाबांचे हात. सगळे आपापले हात धुतात, ज्याला जुलाब होतायत तो माणूस पलंगावर पडलेला, त्याचे हात कोण धुतं? आपल्याकडची म्हातारी माणसं जेवण झालं की ताटातच हात धुतात, जेवायच्या *आधी* कोण धुवून देतं? एक टब, एक तांब्या, साबण आणि नॅपकिन पलंगाखाली ठेवा. प्रत्येक वेळी पॉट दिल्यावर आणि जेवायच्या आधी त्यांच्या हातावर पाणी घाला. ओला टिश्यू देऊन भागवू नका.

आणि संडासातला तो जेट स्प्रे. पॉट घेऊन जाऊन जेटने धुतात ना लोक, ते बघून माझ्या पोटात गोळा यायचा. जेवढं पॉटमधून निघतं त्याहून जास्त भिंतीवर आणि स्वतःच्या ड्रेसवर उडतं. पॉट ओता, झाकण लावून फ्लश करा, मग पॉटमध्ये ब्लीचचं पाणी घालून ठेवा. जेटची मूठ रोज पुसा, संडासातली सगळ्यात घाण वस्तू तीच असते, कमोडची सीट नव्हे.

हर्नियावाल्या काकांबद्दल. लाज कशाला, तुम्ही काय मुद्दाम केलंत. पण त्यांच्या मिसेसना सांगा जरूर, की घरी गेल्यावर काकांना जुलाब सुरू झाले तर डॉक्टरांना हे सगळं सांगायचं, नुसती गोळी घेऊन बसायचं नाही. सांगायचं काम खरं हॉस्पिटलचं आहे, पण तुम्ही सांगितलंत तर पक्कं पोचेल.

---

लॅबातला_माणूस

सिस्टरबाईंनी 90 टक्के सांगून टाकलं. मी मायक्रोबायोलॉजीवाला, पेशंटपेक्षा पेट्री डिश जास्त बघितल्या आहेत, तर तेवढ्यापुरतं.

मटकी आठवा. डब्यात वर्षभर पडून असते, कडक, जिवंत आहे का मेली कळत पण नाही, पाणी मिळालं की रात्रीत मोड. सी-डिफचा जंतू तसाच आहे, बाहेरच्या हवेत ऑक्सिजन त्याला सोसत नाही, तिथे तो टिकतो ते जाड कवचाच्या रूपात, त्याला स्पोअर म्हणतात, आणि ते कवच तो आतड्यात असतानाच करतो. अल्कोहोल त्या कवचाच्या आत जातच नाही. टेबल, पलंगाची दांडी, दाराची मूठ, अशा कोरड्या जागी पाच-पाच महिने पडून राहू शकतो. मग कोणाच्या तरी हातातून तोंडात जातो, जठराच्या ॲसिडला दाद देत नाही, आणि छोट्या आतड्यात पित्तरस लागला की मोड येतात.

मग सगळ्यांनाच का होत नाही? कारण आपल्या आतड्यातले नेहमीचे रहिवासी जंतू त्या पित्तरसाचं रूपच बदलून टाकतात, आणि बदललेला पित्तरस याला वाढू देत नाही. भारी अँटिबायोटिकने ते रहिवासी मेले की चाळ रिकामी. तुमच्या बाबांचं नेमकं तेच झालं. खिचडी निर्दोष आहे, हे नणंदबाईंना माझ्यातर्फे सांगा 😄

इंजेक्शन प्यायला दिलं ते अगदी बरोबर. ते व्हँकोमायसिन असणार. गंमत अशी की तेच औषध शिरेतून दिलं तर आतड्यात पोचतच नाही जवळजवळ, आणि तोंडातून दिलं तर आतड्यातून रक्तात जात नाही, तिथल्या तिथेच काम करतं, आपल्याला तेच पाहिजे. कॅप्सूल महाग असतात आणि सगळीकडे मिळत पण नाहीत म्हणून इंजेक्शनची बाटली विरघळवून पाजतात. नेहमीचा डोस 125 मिलीग्राम, दिवसातून चार वेळा, 10 दिवस. कडू लागतं, सरबतात घालून चालेल का ते सिस्टरला विचारा. पूर्वी पहिल्यांदा मेट्रोजिलच द्यायचे, आता व्हँकोमायसिन किंवा फिडॅक्सोमायसिनला पसंती आहे. कोर्स मध्येच सोडू नका, जुलाब थांबले तरी.

---

रावपुरा_बॉय

वाचूनच हात धुवून आलो दोनदा. सेव-उसळ खात वाचत होतो, मटकीचं उदाहरण द्यायची काय गरज होती साहेब

---

लॅबातला_माणूस

सेव-उसळीत वाटाणा असतो, बिनधास्त खा.

---

फ्लोअर_सुपरवायझर

इथे लिहू का नको विचार करत होतो. मी हाऊसकीपिंगच्या कॉन्ट्रॅक्टरकडे आहे, आतापर्यंत तीन हॉस्पिटलात काम केलंय, नाव एकाचंही घेणार नाही. वॉर्डबॉय आणि मावशी-मासींवर सगळे बोलतात म्हणून आमची बाजू.

खोलीतला पेशंट डिस्चार्ज झाला, फाईल बिलिंगला गेली की खालून फोन सुरू, नवीन पेशंट स्ट्रेचरवर आहे, बेड द्या. मला एका बाईला एका खोलीला 20 मिनिटं मिळतात. त्यात चादर काढायची, गादी पुसायची, दांड्या, लॉकर, कॉलबेलची वायर, लाईटचं बटण, संडास, फरशी. सी-डिफवाली खोली असेल तर आधी साबणाच्या पाण्याने घाण काढायची, *मग* ब्लीच लावायचं, मग ते दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, तेव्हा ते काम करतं. दहा मिनिटं नुसतं ओलं ठेवायला! वीसपैकी! काय होतं मग, ब्लीच मारलं की लगेच कोरड्या फडक्याने पुसलं, चमकलं, झालं. दिसायला स्वच्छ. आणि पुढच्या पेशंटला जुलाब सुरू झाले की त्याने बाहेरचं खाल्लं असेल.

दुसरी गोष्ट, पोतं, म्हणजे फरशी पुसायचं फडकं. एकाच बादलीत एकच पोतं बुडवून सहा खोल्या पुसल्या तर पहिल्या खोलीतलं सहाव्या खोलीत पोचतं, हे शाळेतल्या मुलाला पण कळतं. मी एका ठिकाणी भांडून वेगळ्या रंगाची बादली आणि पोतं घेतलं होतं, पिवळ्या कागदवाल्या खोलीसाठी, आणि ती खोली सगळ्यात *शेवटी* करायची. तीन महिने चाललं. मग नवीन मॅनेजर आला, म्हणाला एवढ्या बादल्या कशाला.

आणि फिनेल. सगळ्यांना फिनेलचा वास आला की समाधान. फिनेलने याला काही होत नाही, तो वासाचा पाहुणा आहे नुसता. पेशंटचे नातेवाईक पण येऊन विचारतात, आज फिनेल नाही मारलं का? ब्लीच मारलं तर म्हणतात डोळे चुरचुरतात.

सूनबाई, तुमची खोली बदलली किंवा शेजारच्या बेडवर दुसरा पेशंट येणार असेल तर तुम्ही स्वतः विचारा, ब्लीचने टर्मिनल क्लीनिंग (पेशंट गेल्यावरची पूर्ण सफाई) झालं का, पडदा बदलला का. पडद्याला सगळे हात लावतात आणि तो धुतला जातो दिवाळीला. तुम्ही विचारलंत तर सिस्टर इनचार्ज आम्हाला वेळ मिळवून देते, आम्ही मागितला तर कोण देतंय.

---

जुनी_सिस्टर

सुपरवायझर भाऊ, हात जोडते तुम्हाला. हे ऑडिटच्या वहीत कधी येत नाही. मी पण तीच चूक केली वर्षानुवर्षं, हातांचे टक्के काढत बसले, त्या बाईला दहा मिनिटं मिळाली का हे कधी लिहिलं नाही.

बीपीचा पट्टा राहिला. एकच पट्टा सगळ्या वॉर्डात फिरतो. त्या खोलीचा पट्टा, थर्मामीटर, स्टेथो त्याच खोलीत राहिला पाहिजे पेशंट जाईपर्यंत. सूनबाई, नसेल ठेवला तर मागा, थर्मामीटर तर घरचाच न्या.

---

दांडियाबाजारकर

बरं बाबा, गोळीबद्दल माझं चुकलं, मान्य. पण मला एक सांगा, एवढे हात धुवून, ब्लीच मारून खरंच फरक पडतो का? का नशीब?

---

लॅबातला_माणूस

पडतो, पण तुम्ही विचारलंतच तर जरा अवघड गोष्ट सांगतो.

इंग्लंडमध्ये 2000 नंतर याची मोठी साथ होती, 2007-08 या एका वर्षात 55 हजारांवर केसेस. मग त्यांनी सगळंच एकदम केलं, हात धुणं, वेगळ्या खोल्या, ब्लीच, आणि अँटिबायोटिकवर लगाम, खास करून सिप्रोफ्लॉक्सासिनच्या घराण्यावर. पाच-सहा वर्षांत आकडा 14 हजारांच्या आत. आता श्रेय कोणाचं? ऑक्सफर्डच्या लोकांनी जंतूंचे जीनोम वाचले आणि 2017 मध्ये छापलं. जे प्रकार सिप्रोच्या घराण्याला दाद देत नव्हते तेच जवळजवळ गायब झाले होते, बाकीचे प्रकार होते तिथेच होते. आता साबणाला काय कळतं कुठला जंतू सिप्रोला दाद देतो आणि कुठला नाही? नुसत्या हात धुण्याने कमी झालं असतं तर सगळेच प्रकार सारखे कमी व्हायला पाहिजे होते. म्हणजे मोठा हात प्रिस्क्रिप्शनच्या पॅडचा होता.

म्हणून हात धुवू नका असा अर्थ काढू नका, सिस्टरबाई मला मारतील. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातं ते हातावरूनच आणि पॉटवरूनच. पण चाळ रिकामी केली नसेल तर आलेला पाहुणा तसाच परत जातो. आपल्या बडोद्यात काय चालतं, नाक गळलं की मेडिकलवाल्याकडून स्वतःच पाच गोळ्यांचं पान. आणि सोबत पॅनची गोळी, ॲसिडिटी नसली तरी, वर्षानुवर्षं. त्या ॲसिडच्या गोळ्यांचा पण याच्याशी संबंध दिसलाय. स्वतः बंद करू नका, कोणाला खरंच लागते पण, फक्त डॉक्टरांना विचारा की बाबांची ही अजून का चालू आहे.

नावाची गंमत सांगून जातो. 1935 मध्ये दोन अमेरिकन लोकांना हा पहिल्यांदा सापडला तो नवजात बाळांच्या शीमध्ये, ठणठणीत बाळांच्या. वाढवायला इतका त्रासदायक म्हणून नाव डिफिसिल. अँटिबायोटिकच्या जुलाबामागे हाच आहे हे कळायला 1978 उजाडलं. चाळीस वर्षं लोकांना तो बाळाच्या लंगोटातला साधा पाहुणाच वाटत होता.

---

मांजलपूरची_सून

बाळांच्या शीमध्ये??? मग माझ्या पिल्लाचं काय? आणि सगळ्यांचे खूप खूप आभार, मी वरचं सगळं रात्री दीडला बाबांच्या पलंगाशेजारी बसून वाचलं. काल टब आणि तांब्या नेला. बाबा म्हणाले, आता काय पूजेला बसवते का मला. पण धुतले हात.

पट्टा मागितला, मिळाला. वॉर्डबॉयला मी काही बोलले नाही, नुसता त्याला म्हटलं, भाई, इथे साबण ठेवलाय मी नवीन, तू पण वापर. वापरतो आता, माझ्यासमोर तरी.

---

लॅबातला_माणूस

बाळाचं घाबरू नका. एक वर्षाच्या आतली खूप बाळं हा जंतू आतड्यात घेऊन मजेत असतात, त्यांना सहसा काही होत नाही, म्हणून तेवढ्या लहान बाळाची टेस्ट पण उगाच करत नाहीत. काळजी उलट दिशेने घ्या, बाळाचं डायपर बदलून तसेच हात बाबांच्या पाण्याच्या ग्लासाला लावू नका. सासूबाईंची काळजी जास्त, त्यातही त्यांना सध्या कशासाठी अँटिबायोटिक चालू असेल तर डॉक्टरांना सांगून ठेवा.

---

जुनी_सिस्टर

घराचं सांगते. संडास एकच आहे तर जुलाब पूर्ण थांबेपर्यंत बाबांसाठी खोलीत कमोडची खुर्ची ठेवा, भाड्याने मिळते, खुब्याचं ऑपरेशन झालंय तर तशीही लागणारच आहे. तेवढा एक प्रश्न सुटला.

पुराची ब्लीचिंग पावडर टाकून द्या. उघडी, दमट गॅलरीत, दोन पावसाळे खाऊन बसलेली, तिच्यातला क्लोरीन उडून गेला असणार. वास येत नसेल तर चुना आहे तो. दुकानातून पातळ ब्लीच आणा, बाटलीवर सोडियम हायपोक्लोराईट 5 टक्क्याच्या आसपास लिहिलेलं. एक वाटी ब्लीच, नऊ वाट्या पाणी. रोज ताजं करा, कालचं ओतून द्या. आधी साबणाने पुसा, मग हे लावा, दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसा. सीट, फ्लशचं बटण, जेटची मूठ, नळ, दाराची कडी, वॉकरच्या मुठी. वॉकरच्या मुठी विसरतात सगळे.

आणि कृपा करून ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिडवालं लिक्विड एकत्र करू नका, एकावर एक पण नाही. विषारी वायू होतो. आमच्या गल्लीत एक वहिनी दिवाळीच्या सफाईत अशाच बेशुद्ध पडल्या होत्या. खिडकी उघडी ठेवा, बाळाला त्या वेळी दुसऱ्या खोलीत.

कपडे वेगळे धुवा, गरम पाण्यात. झटकू नका, गुंडाळून थेट मशीनमध्ये.

---

मांजलपूरची_सून

अपडेट. आज आठवा दिवस औषधाचा. जुलाब तीनवर आले होते, काल तर एकच. डॉक्टर म्हणतात परवा सोडू. मी म्हटलं स्टूल टेस्ट परत करून निगेटिव्ह आलं की नेते, तर म्हणाले गरज नाही. नणंदबाई म्हणतात पैसे घ्या पण टेस्ट करा. काय करू?

---

लॅबातला_माणूस

डॉक्टरांचं ऐका. जुलाब थांबल्यावर पण टेस्ट कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येत राहते, मग तुम्ही घाबरणार, कोणीतरी परत औषध देणार, आणि चाळ परत रिकामी. बरं झालं का ते टेस्टवर नाही, पोटावर ठरतं. पण साधारण पाचातल्या एकाला हे परत होतं, बहुतेक करून पहिल्या आठ आठवड्यांत. तर तेवढे दिवस लक्ष ठेवा, दिवसात तीन किंवा जास्त पातळ झाले, ताप आला, पोट फुगलं तर लगेच फोन. आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत दाताच्या डॉक्टरने जरी अँटिबायोटिक लिहिलं तरी आधी हे सांगायचं. डिस्चार्जच्या फाईलवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या.

---

मांजलपूरची_सून

घेतलं लिहून. लाल पेनाने. आणि पिवळा कागद कधी काढायचा, सिस्टर म्हणते 48 तास, पण कशापासून 48? काल रात्री सव्वाअकराला शेवटची पातळ झाली, मी वहीत लिहून ठेवलंय, तेव्हापासून काही नाही.

---

जुनी_सिस्टर

तिथपासूनच. म्हणजे उद्या रात्री सव्वाअकरा. मध्ये एक जरी पातळ झाली तर घड्याळ परत शून्यावर. कागद निघाला तरी तांब्या-टब काढू नका, तो घरी पण न्या. आणि त्या हर्नियावाल्या काकांच्या मिसेसना फोन केलात का?

---

मांजलपूरची_सून

आत्ताच केला. काका ठीक आहेत, ढोकळे खातायत म्हणे. ताई आपल्या मलाच म्हणाल्या, बाबांना कधी सोडतायत, मी डबा पाठवू का.